स्टेरॉईडच्या आधी सॅम्पल घ्या

मा. संपादक,

रक्ताच्या कॅन्सरवर पेपरात येतं ते बहुतेक नव्या औषधांचं, पण औषध ठरतं कशावर ते फारसं कोणी लिहीत नाही. मी जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये काम करतो. स्लाईडवर ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी दिसल्या की अक्यूट ल्युकेमियाचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा संशय येतो, पण तो एएलएल (लिम्फॉइड जातीच्या पेशींचा) की एएमएल (मायलॉइड जातीच्या पेशींचा) हे नुसतं मायक्रोस्कोपमध्ये बघून दर वेळी सांगता येत नाही, आणि ट्रीटमेंट दोघांची पार वेगळी. तिथे फ्लो सायटोमेट्री लागते. पेशींना चमकणाऱ्या अँटीबॉडी चिकटवून एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात आणि तिच्यावरच्या खुणा, म्हणजे मार्कर, बघतात; सीडी१९, सीडी१० हे मार्कर दिसले तर बहुधा बी-एएलएल (बी पेशींचा एएलएल), सीडी१३, सीडी३३, सीडी११७ असले तर एएमएलकडे कल, सीडी७ आणि पेशीच्या आतला सीडी३ मिळाला तर टी-एएलएल (टी पेशींचा). एकट्या मार्करवर कोणी निकाल देत नाही बरं का, सीडी१३ एएलएलमध्येही कधीकधी सापडतो, म्हणून मार्करचं सगळं पॅनेल, म्हणजे पूर्ण संच, लावतात.

आता खरी तक्रार. मूल ताप, हाडं दुखतात, प्लेटलेट कमी म्हणून येतं आणि स्मिअर (स्लाईडवर पसरलेलं रक्त) नीट बघायच्या आधीच कुणीतरी डेक्सा नाहीतर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड चालू करतं. पोर दोन दिवसांत खेळायला लागतं, घरचे खूश. पण एएलएलच्या पेशी स्टेरॉईडने पटापट मरतात, मग फ्लोला पाठवलेल्या नळीत ब्लास्ट सापडतच नाहीत, आजार मात्र आत तसाच दबून बसलेला असतो आणि निदान लांबतं ते लांबतंच.

पहिलं सॅम्पल पुढेही लागतं. महिन्याभराने एमआरडी, म्हणजे ट्रीटमेंटनंतर उरलेला आजार, बघतात तेव्हा दहा हजारात एखादी उरलेली पेशी शोधायची असते, ती मूळची कशी दिसत होती हे माहीत असलं तर काम सोपं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअलच्या ज्या कार-टीला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची ट्रीटमेंट) 2023 मध्ये परवानगी मिळाली तीसुद्धा सीडी१९ बघूनच पेशी पकडते.

दुसरं, जांभळ्या झाकणाची नळी शनिवारी संध्याकाळी काढून सोमवारपर्यंत पडून ठेवतात, किंवा काळजी म्हणून थेट बर्फात खुपसतात! ती साध्या तापमानाला, शक्यतो 24 तासांत, फार तर 48 तासांत फ्लोच्या लॅबला पोचायला हवी. जिल्हा रुग्णालयांतून सुट्टीच्या दिवशीही सॅम्पल न्यायची सोय आरोग्य खात्याने करावी. आणि डॉक्टरांनो, स्टेरॉईड दिलंच असेल तर कधीपासून आणि किती, एवढं तरी फॉर्मवर लिहा, तो रकाना आमच्याकडे बहुतेक वेळा कोराच येतो.

– एक लॅब टेक्निशियन