बाकडी समोरासमोर मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यानाच्या सुशोभीकरणाची बातमी आली की मी आधी फोटोतली बाकडी बघतो. बहुतेक वेळा ती एका रांगेत, सिमेंटात पक्की केलेली. आमच्या घराजवळच्या उद्यानातही तशीच आहेत. सकाळी आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी तिथे जमतो. तिघे बसतात, बाकीचे समोर उभे राहून बोलतात. कारण रांगेत बसले की कडेच्याला ऐकू येत नाही. (आमच्या वयात तर नाहीच.)

१९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मानसोपचारतज्ज्ञ हंफ्री ऑस्मंड आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना एका रुग्णालयात हेच दिसले. वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि सगळ्या जणी गप्प. त्याच खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्यावर बोलणे वाढले. आपल्याला खरे तर एवढ्या लांब जायला नको. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोपे (बसायचे बांधीव कट्टे) समोरासमोरच असतात, आणि वाटेने जाणाराही दिसतो.

न्यूयॉर्कच्या चौकांचे चित्रीकरण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांना आढळले की सुटी खुर्ची मिळाली तर माणूस बसण्याआधी ती जराशी का होईना सरकवतोच. आपल्याकडे सुट्या खुर्च्या किती दिवस टिकतील ते सांगायला नको. निदान दोन बाकडी काटकोनात तरी ठेवा.

घसरगुंडी एका टोकाला, सावली दुसऱ्या टोकाला. नातवाला नेले की मी उन्हात उभा. कॉलेजची मुले बाकड्याच्या पाठीवर बसून पाय बैठकीवर ठेवतात आणि राखणदार शिट्टी फुंकतो. त्यांना उंचावरून येणारे-जाणारे बघायचे असतात, स्वतःही दिसायचे असते. रुंद पायऱ्यांचा एखादा कट्टा बांधला तर शिट्टी वाचेल. पावसाळ्याचे चार महिने तर सगळेच ओस. पणजीच्या गार्सिया द ऑर्ता उद्यानातल्या बँडस्टँडसारखे एक छप्पर असले तरी पुष्कळ.

पुढच्या निविदेत कारंजे आणि दिव्यांबरोबर कोण कुठे बसणार, याचाही नकाशा असावा. तो काढण्याआधी संबंधितांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ उद्यानात येऊन बसावे. आम्ही सरकून जागा देऊ, मात्र बाकडे तिघांचेच आहे.

— एक वाचक, फोंडा