इंजिन न उचलता स्पार्क प्लग बदलायला शिकवणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच चहाचं विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र. डेट्रॉइटच्या आसपास आपली मंडळी पुष्कळ आहेत. कुणाच्या गराजमध्ये जुनी फोर्ड मस्टँग उभी असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

माझी १९६८ ची मस्टँग जीटी, ३९० घन इंचाच्या मोठ्या इंजिनवाली. कागदावर ३२५ अश्वशक्ती, पण बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं, प्लग दिसतच नाहीत. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन धरून ठेवणारे माउंट सैल करून इंजिन एका बाजूने उचलावं लागेल. तो काही फसवत नव्हता, तसं करणारे आहेतच.

तुम्ही मात्र आधी पाना हातात दिलाच नाहीत. हे असं का आहे ते समजावलंत. मस्टँगचा मूळ ढाचा फोर्ड फाल्कनचा. पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते, म्हणून तिला सामावणारे उंच टॉवर दोन्ही बाजूंनी इंजिनाच्या जागेत घुसतात. सुरुवातीच्या मस्टँगमध्ये लहान व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) असायचं, त्याला ती जागा पुरायची. १९६७ साली ३९० बसवता यावं म्हणून गाडी साधारण पावणेतीन इंच रुंद केली. इंजिन बसलं, मेकॅनिकच्या मनगटाचा विचार कुणी केला नसावा!

मग ते सॉकेट. प्लगच्या सॉकेटच्या वरच्या टोकाला बाहेरून सहा कडा असतात. त्या मी नेहमी पाहायचो, कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. रॅचेट जोडलं की लांबी वाढते आणि टॉवर आडवा येतो. तुम्ही नुसतं सॉकेट बोटांनी प्लगवर बसवलंत आणि त्या कडांना साधा पाना लावलात. थोडं वळण, पाना काढायचा, पुन्हा लावायचा. मागचे प्लग वरून काढायचा नादच सोडायचा. गाडी स्टँडवर घ्यायची आणि खालून हात घालायचा. सॉकेट तिरकं वळवणारा युनिव्हर्सल जॉइंट लोंबकळतो, त्याला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची, म्हणजे वाकतो पण पडत नाही. आणि हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. प्लग सैल करण्याआधी हवा मारून खळग्यातली माती उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये.

नवा प्लग लावताना तुम्ही त्याच्या पांढऱ्या टोकावर रबरी पेट्रोल नळीचा तुकडा चढवलात. या एका युक्तीसाठी तुमचे आभार वेगळे मानतो. आटे सरळ लागले तर प्लग नळीसोबत फिरत आत जातो. तिरके लागले तर नळीच घसरते, हेडचे आटे मारले जात नाहीत. या इंजिनाचे प्लग १८ मिलिमीटरचे, निमुळत्या बैठकीचे, त्यांना वॉशर नसतो. म्हणून शेवटी १५ ते २० फूट-पौंड एवढंच कसणं पुरे. ‘अजून थोडं कसू का?’ यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.

प्लगच्या वायरींचं तर मला कुणीच सांगितलं नसतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८. ७ आणि ८ शेजारी शेजारी, शिवाय लागोपाठ पेटणारे. आधीच्या मालकाने त्या दोघांच्या वायरी एकाच क्लिपमध्ये चिकटवून नेल्या होत्या. अशाने ७ च्या वायरीतल्या विजेच्या दाबाने ८ च्या वायरीतही ठिणगी उठू शकते, म्हणजे ८ वेळेआधीच पेटणार. तुम्ही त्या वेगळ्या करून एकमेकींना ओलांडून नेल्यात. चढावर भार पडला की होणारी खडखड त्यानंतर ऐकू आलेली नाही.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या त्या फेरीला, पुढची सीट तुमची. काकूंना मागे बसायला सांगण्याची जबाबदारीही तुमचीच. आणि तुमचं १३/१६ इंचाचं सॉकेट अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो.

तुमचा,
समोरच्या घरातला मस्टँगवाला