सामाईक सातबाऱ्यावरचे जंगल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला आमच्या घराण्याचा डोंगर विकला गेला, त्या कागदावर माझीही सही आहे. हे आधीच सांगून टाकतो.

सातबारा सामाईक, त्यावर एकोणीस नावे, निम्मी मुंबई-ठाण्यात. आठ वर्षांपूर्वी दलाल कुलमुखत्यारपत्र घेऊन थेट ठाण्याच्या घरी आला. 'त्या कड्यावर तुम्ही कधी पाय तरी ठेवलाय का?' असे त्याने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा किंजळ, ऐन, कुंभा यांतले एकही झाड उभे नव्हते. जेसीबीने उतारावर पायऱ्या पाडून रबर लावला होता, मधल्या पट्ट्यांत अननस. खालचा व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा. चुलते एवढेच म्हणाले, "डोंगराबरोबर पाणीय इकलंस, ता ठावक आसा मा तुका?"

घेणाऱ्यावर माझा राग नाही. तोही शेतकरीच, त्याचे पोट रबरावर. विकणारे आम्ही.

जंगल म्हणजे सरकारी, असे शहरात सगळे धरून चालतात. सिंधुदुर्गात तसे नाही. इथले बरेचसे रान खासगी आणि सामाईक सातबाऱ्यांवर उभे आहे. तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव झाले, ते चांगलेच झाले. पण वाघाला आणि कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींना ती हद्द कोण दाखवणार? जंगल कोणाच्या मालकीचे हे न पाहता वन संवर्धन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते. २०२३ च्या दुरुस्तीने जंगलाची ती व्याख्या आवळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तूर्त जुनाच अर्थ धरायला सांगितले आहे. 'तूर्त' या शब्दावर किती डोंगर टेकलेत, ते मोजायला हवे.

खाणीचे म्हणाल तर आमच्याच तालुक्यातल्या कळण्याला जाऊन या. जुलै २०२१ मध्ये तिथल्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून खाली आले. लाल चिखल घरांत शिरला, बागायतीत बसला. लोहखनिज ट्रकने निघून जाते, गाळ गावातच राहतो.

या सगळ्यात गावे गप्प होती, असे मात्र कोणी म्हणू नये. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या पंचवीस गावांनी 'आमचा भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा' असे ठराव स्वतःहून केले. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात त्यांची दखल घेतली. पुढे त्या अहवालाचा फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीच्या आखणीतून हाच पट्टा गळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या गावांबाबतची अधिसूचना चार महिन्यांत काढण्याचा आदेश दिला आणि दोडामार्गातल्या वृक्षतोडीवरही बंदी घातली. ज्या गावांनी आपणहून बंधन मागितले, त्यांना ते मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे अजब आहे. जिथे लोक नको म्हणतात तिथे प्रकल्प रेटायला मात्र सरकारला उशीर होत नाही.

संवेदनशील क्षेत्र म्हणजे जमीन सरकारजमा, ही अफवा गावोगाव फिरवली जाते. पश्चिम घाटाच्या मसुद्यांत खाणी, दगडखाणी, वाळूउपसा आणि अतिप्रदूषक कारखान्यांना बंदी आहे. मालकी बदलायला नाही. म्हणजे माझ्यासारखा माणूस उद्याही विकू शकेल. म्हणूनच तोडबंदी कागदावर ठेवून चालणार नाही. आमच्याकडे झाडे रात्री तुटतात आणि तलाठ्याला ती पंधरा दिवसांनी दिसतात. खरेदीखत झाले म्हणजे डोंगर बोडका करण्याचा परवाना मिळाला, असा समज आहे. तो तहसील कचेरीनेच मोडायला हवा.

याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे. पाण्यात पाय रोवून उभी असलेली, गुडघ्यासारखी मुळे वर काढणारी झाडे. २०२१ मध्ये राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. क्षेत्र २.५९ हेक्टर. ती वाचली, कारण ती देवाची राई होती आणि तिथे कोयता न्यायला माणसे घाबरत. देवाचा सातबारा घेऊन कोणी दलालाकडे जात नाही!

आमचा आणखी एक तुकडा शिल्लक आहे, व्हाळाच्या पलीकडचा. गेल्या महिन्यात दलालाचा पुन्हा फोन आला. एकोणिसांपैकी बारा जण तयार आहेत म्हणे. मी नाही म्हणून सांगितले. उरलेले सहा जण तुमचे दैनिक रोज वाचतात. पत्र जमल्यास लवकर छापावे.

आपला,
एक वाचक, ठाणे
(मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात)