घोडीचे भोवरे मोजता, मग पोट का तपासत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्याच्या आणि नांदेडकडच्या माळेगावच्या घोडेबाजाराच्या बातम्या सुरू होतात. अमक्या घोड्याला किती लाखांची मागणी आली, तमका रोज किती लिटर दूध पितो, हे सगळं रंगवून छापलं जातं. घेणारेही त्याच नजरेनं बाजारात फिरतात. देवमण (गळ्याखालचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, केसांचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे की नुकरा (पूर्ण पांढरी), चाल कशी, दात किती, हे तासन्‌तास बघतात. घोडी गाभण आहे की रिकामी, एवढी एकच गोष्ट विकणाऱ्याच्या शब्दावर सोडतात. मग 'आठ महिन्यांची गाभण' म्हणून जादा पैसे मोजलेली घोडी रिकामी निघते. 'हिला कधी नर दाखवलाच नाही' असं सांगून गळ्यात मारलेली घोडी लगीनसराईत वराती ओढते आणि चैत्रात एका पहाटे तिच्याजवळ शिंगरू उभं दिसतं.

आधी दिवसांचा हिशोब. घोडीचा गाभणकाळ सरासरी 340 दिवसांचा. 320 पासून 365 पर्यंत कितीही लागू शकतात आणि गाढवाकडून लागलेली घोडी थोडी आणखी लांबते. घोडीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येते, साधारण 21 दिवसांनी पाळी फिरते आणि त्यातले पाच ते सात दिवस ती नर घेते. हिवाळ्यात बऱ्याच घोड्यांचा माज थंडावतो. म्हणजे डिसेंबरच्या बाजारात उभी असलेली घोडी गाभण असलीच, तर बहुधा सहा ते नऊ महिन्यांची असते. 15 एप्रिलला भरवलेली, म्हणजे नर दिलेली, घोडी 340 दिवसांच्या हिशोबानं पुढच्या 21 मार्चच्या आसपास विणार. पण बाजारातच किंवा येताना गाडीत मोकळ्या शिंगरानं तिला गाठलं असेल, तर तीच तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर जाते. दीड वर्षाचं नर शिंगरू हे काम करू शकतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

पोटावरून अंदाज बांधण्याइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. नुसत्या कडब्यावर वाढलेल्या आणि जंतांनी भरलेल्या घोडीचं पोट दोन्ही बाजूंना लोंबतं. उलट पहिलटकरीण, कसदार अंगाची घोडी आठव्या महिन्यापर्यंत पोट दाखवत नाही. गार पाणी पाजून कुशीकडे पाहत बसण्याची जुनी रीत आहे. सातव्या महिन्यानंतर आतलं शिंगरू हललेलं दिसलं तर ते खरं, पण नाही दिसलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कास भरते ती शेवटच्या दोन ते सहा आठवड्यांत आणि सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब येतात ते बहुतेक वेळा विण्याआधी एक-दोन दिवस. नुकतंच शिंगरू तोडलेल्या घोडीचीही कास मोठी असते, हे व्यापाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

'नर दाखवला, तिनं कान पाडून लाथ मारली, म्हणजे गाभण' हाही पुरावा नव्हे. डिसेंबरात माज बंद असलेली रिकामी घोडीही तेच करते. काही गाभण घोड्या तर माजासारखी लक्षणं दाखवून नर घेतात आणि त्या भरवण्यातून गाभडू शकतात. मेडिकलच्या दुकानातली बायकांची चाचणीपट्टी घोडीच्या मुतात बुडवणारे आजही भेटतात. त्या पट्टीला माणसाचं संप्रेरक ओळखता येतं, घोडीचं वेगळं असतं. पट्टी नेहमी 'नाही'च सांगणार.

मग खरं कसं कळतं? सोनोग्राफीनं, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. गुदमार्गातून प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, घालून 14 ते 16 दिवसांचा गर्भ दिसतो. पडद्यावर साधारण दीड सेंटिमीटरचा काळा गोल ठिपका येतो. त्याहून लहान गर्भ हातून सुटतो. म्हणून बाजारातून आणल्याच्या आठवड्यात केलेल्या पहिल्या तपासणीत 'रिकामी' आलं, तरी शेवटच्या दहा-बारा दिवसांत लागलेली घोडी त्यात धरलेली नसते. घोडी घरी आल्यापासून नरापासून लांब बांधा आणि घेतल्यापासून 16 ते 18 दिवसांनी पुन्हा पाहा. तेव्हाही काही नसेल, तर ती रिकामी.

ठिपका दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. वयस्क घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठी असतात आणि त्या अगदी तशाच दिसतात. दोन दिवसांनी परत पाहावं. गर्भ रोज तीन-चार मिलिमीटर वाढतो आणि 16व्या दिवसापर्यंत गर्भाशयात इकडून तिकडे फिरत राहतो. गाठ वाढत नाही आणि जागाही सोडत नाही. याच वेळी जुळं आहे का हेही पाहावं लागतं. घोडीला जुळं झेपत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात. 25व्या दिवसानंतर हृदयाचे ठोके दिसतात. त्यानंतर 45 ते 60 दिवसांच्या दरम्यान एकदा खात्री करावी, कारण सुरुवातीचे गर्भ बरेच विरतात.

पुढे गेलेल्या घोडीची तपासणी वेगळ्या कारणानं चुकते. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भाशय वजनानं पुढे आणि खाली ओढलं जातं. गायी तपासण्याचाच सराव असलेला हात आत जातो, काही लागत नाही आणि 'रिकामी' असा निकाल येतो. गर्भाशय हाताला न येणं आणि गर्भाशय रिकामं असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा वेळी खालून, पोटाचे केस भादरून, खोलवर पाहणाऱ्या प्रोबनं सोनोग्राफी करावी. सातव्या महिन्यानंतर शिंगराचं डोकं किंवा पाय हाताला सहज लागतात.

हात घालण्याबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं. घोडीचं गुदाशय गायीपेक्षा खूप नाजूक असतं. ती कुंथते, उसळते आणि वरची भिंत फाटते. हे बहुधा गुदद्वारापासून वीतभर-दीड वीत आत, हाताच्या वरच्या बाजूला होतं. फाटलं तर घोडी दगावू शकते. म्हणून खोडा (जनावर अडकवून उभं करायची चौकट) हवा, भरपूर चिकट द्रव हवा, लीद पूर्ण काढलेली हवी, कुंथताना हात स्थिर ठेवण्याचा संयम हवा आणि गरज पडली तर शांत करणारं इंजेक्शनही हवं. तपासणीनंतर हातमोज्यावर ताजं रक्त दिसलं, तर 'होतं असं कधी कधी' म्हणून सोडू नये. त्याच मिनिटाला घोड्यांच्या अनुभवी डॉक्टरला बोलवावं. मोतद्दारानं शेपूट धरून आणि दोन माणसांनी कान पिळून केलेली तपासणी मी तरी कुणाला सुचवणार नाही.

सोनोग्राफीची सोय नसेल तर रक्त तपासा, पण कोणती चाचणी कधी करायची हे समजून घ्या. घोडीच्या गर्भाशयात साधारण 35व्या दिवसाच्या पुढे 'ईसीजी' नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं. याचा हृदयाच्या ईसीजीशी काही संबंध नाही. 40 ते 120 दिवसांत ते रक्तात सापडतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं यावर आधारित किटही विकसित केलं आहे. अडचण अशी, की गर्भ मेला तरी ते संप्रेरक बनवणाऱ्या पेशी काही आठवडे टिकतात. तेव्हा अहवाल 'गाभण' सांगतो, पोट रिकामं असतं आणि घोडी माजावरही येत नाही. पोटात खेचर असेल तर संप्रेरक कमी बनतं आणि चाचणी फसते. यात्रेत घेतलेली आठ महिन्यांची गाभण घोडी या चाचणीत 'नाही'च येणार. 120 दिवस उलटल्यावर 'इस्ट्रोन सल्फेट' बघायला सांगा. 100 दिवसांनंतर ते जिवंत गर्भामुळेच वाढलेलं राहतं. प्रोजेस्टेरॉनवर विसंबू नका. रिकाम्या घोडीतही पाळीच्या काही दिवसांत ते वाढलेलं असतं आणि गाभणकाळाच्या उत्तरार्धात रक्तात कमी दिसतं.

निकाल हातात येईपर्यंत घोडी गाभणच आहे असं धरून चाला. 'माजावर आणायचं' इंजेक्शन, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, तपासणीशिवाय टोचू नका. पहिल्या काही महिन्यांच्या गाभण घोडीला ते दिलं की ती गाभडते. अंगाला खाज आली म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन मोकळं होऊ नका. बुरशी लागलेला कडबा आणि पेंड तिच्यापुढे टाकू नका. नवीन घोडी तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळी बांधा, कारण प्रवासानं थकलेल्या जनावरातून घोड्यांचा हर्पिस विषाणू तबेल्यात शिरला, तर तुमच्या जुन्या गाभण घोड्याही गाभडतील.

गाभण निघालीच, तर शेवटच्या तीन महिन्यांत चंदी वाढवा, वरातीचं काम बंद करा आणि विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी धनुर्वाताची लस टोचून घ्या. म्हशी-गायी राखणाऱ्या घरात एक चूक हमखास होते. गायीची वार पडायला अर्धा दिवस लागला तरी माणसं थांबतात. घोडीची वार तीन तासांत पडली नाही, तर लगेच डॉक्टर बोलवावा. उशीर झाला तर गर्भाशयात पू होतो आणि पाठोपाठ खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते.

घोडेबाजार भरवणाऱ्या समित्यांना आणि पशुसंवर्धन खात्याला एवढंच सांगणं आहे. घोड्यांची ग्लँडर्स या जीवघेण्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी करायची पद्धत आहेच. तशीच बाजाराच्या आवारात एक पक्का खोडा, सोनोग्राफीचं यंत्र आणि घोड्यांवर हात बसलेला एक पशुवैद्यक यात्रेपुरता ठेवावा. तपासणीची फी घेणाऱ्यानं द्यावी. सौद्याच्या पावतीवर 'गाभण / रिकामी / 16 दिवसांनी पुन्हा पाहावी' असे तीन रकाने असावेत आणि त्याखाली तपासणाऱ्याची सही व तारीख असावी. विकणाऱ्यानं 'गाभण' म्हणून जादा पैसे मागितले, तर भरवल्याची तारीख आणि नर कोणता हेही पावतीवरच लिहून घ्यावं. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्या घोडीचा विसार देऊ नये.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
शहादा, जि. नंदुरबार