पेन्शनचा सरकारी बाजार: अमेरिकेचा दाखला अर्धाच

मा. संपादक,
स. न.

लहान उद्योगांतील कामगारांसाठी राज्य सरकारने पेन्शन योजनांचा ऑनलाइन बाजार उभारावा, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. सरकारने योजना पारखून संकेतस्थळावर मांडायच्या, मालकाने त्यातली एक निवडून आपल्या माणसांना द्यायची, असे त्याचे सार. त्यासाठी अमेरिकेचा दाखला दिला आहे. मी वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, सिएटल ज्यात आहे ते राज्य) लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. हा दाखला अर्धाच सांगितला गेला, म्हणून हे पत्र.

वॉशिंग्टनने 2015 साली नेमका असाच कायदा केला आणि 2018 मध्ये बाजार उघडला. शंभरपेक्षा कमी नोकर असलेल्या मालकांसाठी. योजना राज्याचे वाणिज्य खाते मंजूर करणार, मालकाकडून योजना देणाऱ्या वित्त कंपनीने काही घ्यायचे नाही, आणि नोकराच्या खात्यावरचे वार्षिक शुल्क एक टक्क्याच्या वर जायचे नाही. मालकाला स्वतःची भर घालण्याची सक्तीही नव्हती. कागदावर खोट काढायला जागा नाही. तरीही मालक फारसे फिरकले नाहीत, आणि एक टक्क्यात बारीकसारीक खाती सांभाळायला वित्त कंपन्यांचीही रांग लागली नाही.

का फिरकले नाहीत? एका उपाहारगृहाच्या मालकाला मी ते संकेतस्थळ उघडून दाखवले होते. फुकट आहे ना, एवढी खात्री करून घेतली आणि म्हणाला, "उद्या त्या फंडात पैसे बुडाले तर आचारी माझी गचांडी धरणार. मी कशाला निवडू?" त्याचे काही चुकले नव्हते. भटारखान्यातल्या कुणी त्याच्याकडे पेन्शन मागितली नव्हती, आणि न मागितलेल्या गोष्टीसाठी कुठला मालक डोक्याला ताप करून घेईल?

शेजारच्या ओरेगॉनने 2017 मध्ये वेगळी वाट धरली, पुढे इलिनॉय आणि कॅलिफोर्निया त्याच वाटेने गेले. तिथे मालकाने निवडायचे काहीच नसते. स्वतःची योजना नसेल, तर नोकरांची नावे राज्याच्या योजनेत नोंदवायची आणि पगारातून कपात करून भरायची, एवढेच काम. कॅलिफोर्नियात ही कपात पाच टक्क्यांपासून सुरू होते आणि दरवर्षी एकेक टक्का वाढत आठवर थांबते. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला दंड आहे. नोकराला मात्र नको असेल तर केव्हाही बाहेर पडता येते. म्हणजे सक्ती मालकावर, कामगारावर नाही. खाते कामगाराच्या नावाचे, नोकरी बदलली तरी त्याच्याबरोबर जाणारे.

न्यू जर्सीने 2016 मध्ये बाजाराचा कायदा केला होता, 2019 मध्ये तेही या वाटेला आले. आणि खुद्द वॉशिंग्टनने 2024 मध्ये असाच कायदा केला, तो 2027 पासून लागू व्हायचा आहे. ज्या राज्याचे उदाहरण आपण घ्यायचे म्हणतो, तेच राज्य पुढे सरकले आहे.

या नव्या कायद्यातली एक गोष्ट मला इचलकरंजीचा म्हणून फार महत्त्वाची वाटते. तो डोकी मोजत नाही, तास मोजतो. आदल्या वर्षी सगळ्या नोकरांचे मिळून 10,400 तास भरले की मालक कायद्यात आला. पाच पूर्णवेळ माणसांचे साधारण एवढेच तास होतात. अर्धवेळ माणसे ठेवून सुटका नाही. आपल्याकडे पीएफला वीस माणसांची अट, आणि ती कशी चुकवतात हे आमच्या गावात शेंबडे पोरही सांगेल. एकाच छपराखाली यंत्रमाग, पण अर्धे भावाच्या नावावर, उरलेले बायकोच्या. दिवाणजी एकच, मस्टर (हजेरीपट) वेगवेगळी, आणि कुठल्याच मस्टरवर विसावे नाव चढत नाही. वीसपेक्षा कमी माणसे असली तरी स्वेच्छेने पीएफ लागू करून घेता येतो. घेतलेला मालक माझ्या तरी पाहण्यात नाही.

पर्यायांची टंचाई आपल्याकडे मुळात नाहीच. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, 2009 पासून सर्वांना खुली आहे, अटल पेन्शन 2015 पासून आहे. त्यात आणखी एका पोर्टलची भर घालून विणकर, माग दुरुस्त करणारे जॉबर, कांड्या भरणाऱ्या बायका यांच्या म्हातारपणाची सोय होईल, हे मला पटत नाही. त्याऐवजी वीसच्या आतल्या आस्थापनांतही पगारातून कपात आपोआप सुरू व्हावी, नको असेल त्याने अर्ज देऊन थांबवावी. मात्र अमेरिकेतल्या या योजनांत मालक पदरचा छदामही घालत नाही. ती नक्कल करताना पीएफमधला मालकाचा हिस्सा चुकवायला नवी पळवाट निघू नये. कामगाराच्याच घामाच्या पैशाला पेन्शन म्हणून मिरवणे मला तसेही थोडे खटकते.

आणि एक प्रश्न लेखकांना. सिएटलमधल्या माझ्या गिऱ्हाइकांकडे प्रत्येक भांडीवाल्यालासुद्धा पगाराची चिठ्ठी मिळते, त्यामुळे कपात हे संगणकावर दोन मिनिटांचे काम आहे. जिथे मजुरी आठवड्याला रोखीने, वहीत सही घेऊन मिळते, तिथे कापणार कोण आणि भरले की नाही हे तपासणार कोण? यावर त्यांनी पुढच्या लेखात लिहावे.

आपला,
एक वाचक
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य (मूळ इचलकरंजी)