शिक्षणमंत्री साहेब, आमच्या बाईंना आमच्या शाळेत परत पाठवा

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
नमस्कार.

साहेब, मी सत्तरी तालुक्यातला एक पालक. आमच्या वाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे, पहिली ते चौथी मिळून 17 मुलं. माझे बाबा गोवा मुक्तीनंतर इथंच शिकले, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगावी शाळा उघडल्या त्यातलीच ही एक. मी पण इथलाच, आणि माझी मुलगी पण.

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आठ दिवस आधी वरून ऑर्डर आली आणि आमच्या बाईंना 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून शहराजवळच्या मोठ्या शाळेत पाठवलं. बाईंची सर्विस 24 वर्षांची. वर्ष संपलं तरी त्या परत आल्या नाहीत.

24 वर्षं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा पावसात पोरीला न्यायला गेलो आणि दारातच थांबलो, आत पहिलीच्या पुस्तकातलं शेळीचं चित्र चाललं होतं. आमची मुलं ओरडली "बोकडी!" कारण घरात सगळे कोकणीच बोलतात. कर्नाटकातून कामाला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा हळूच "आडू" म्हणाला. बाई कुणालाच चूक म्हणाल्या नाहीत, फळ्यावर बोकडी, आडू आणि शेळी असे तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि त्या मुलालाच पुढं बोलावून वाचायला लावलं. तोपर्यंत दोन महिने तो पोरगा वर्गात तोंड उघडत नव्हता! हे कुठल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत साहेब, ते वर्षानुवर्षं अशा मुलांसोबत बसूनच येतं.

आता ज्या नवीन टीचर आल्यात त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण चार वर्ग एकटीनं सांभाळायचे, दुपारच्या आहाराची पावभाजी आली की मुलं मोजून वाटायची, त्याचं रजिस्टर लिहायचं, वर ऑनलाईन माहिती भरायची आणि आमच्याकडे नेटवर्क मिळायला टेकडीवर जावं लागतं, मग तेवढा वेळ मुलांकडे बघायला कोण? ह्या टीचर एक वर्ष जरी बाईंच्या शेजारी बसून शिकवत्या तरी केवढं शिकल्या असत्या. आपण मात्र एकीला काढून दुसरीला एकटं ठेवलं.

शिक्षण हक्क कायदा 2009 बघा, प्राथमिक शाळेत 60 पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत असं त्यात स्पष्ट आहे. त्याच्याच कलम 25 मध्ये म्हटलंय की एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात कामाला लावायचं नाही. मग आमच्या 17 मुलांना दोन शिक्षक का नाहीत?

आणि ही शाळा लहान का राहिली तेही बघायला पाहिजे. बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, अनुदानित शाळांना मिळतो, आमच्यासारख्या सरकारी प्राथमिकला नाही. सकाळी बस वाड्याच्या तोंडाशी येते, ज्यांना जमतं ते मुलांना तिकडं घालतात. मी त्यांना दोष देत नाही, पोराचं भलं कुणाला नको असतं. पण मागं उरतात ती मजुरांची, धनगरांची, ज्यांच्या घरात अभ्यास घेणारं कुणी नाही त्यांची मुलं. सगळ्यात अनुभवी शिक्षक ह्यांनाच द्यायला पाहिजे होता आणि नेमका त्यांचाच काढून घेतला. मग पट कमी झाला म्हणून उद्या शाळेलाच कुलूप लागणार, ही भीती आमच्या प्रत्येक पालकाला आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, शाळा सुरू व्हायच्या आधी बाईंना परत पाठवा, नवीन टीचरना पण इथंच ठेवा आणि त्यांना पगार वेळेवर द्या. वर्षाच्या मध्ये शिक्षक हलवायचं पूर्ण बंद करा. आडगावात जे शिक्षक वर्षानुवर्षं टिकून राहतात त्यांना वेगळा भत्ता द्या, येण्याजाण्यातच त्यांचा किती पैसा आणि वेळ जातो. नव्या शिक्षकांचं ट्रेनिंग ठेवाल तेव्हा हॉलमध्ये भाषणं नकोत, त्यांना अशा बाईंच्या वर्गात महिनाभर बसवा.

माझी मुलगी आता तिसरीत जाईल. बाई कधी येणार म्हणून ती रोज विचारते, तिला काय सांगू ते तुम्ही कळवा.

आपला,
सत्तरीतला एक पालक