गरम पाण्याची सोय नकाशातच करा

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

कोपनहेगनमध्ये बहुतेक घरांत स्वतःचा बॉयलर नसतो. वीजकेंद्रांची आणि कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांची उष्णता गरम पाण्याच्या पाइपांतून घरोघर जाते. शहराला खेटून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गने हे १९०३ मध्ये सुरू केलं.

आपल्याकडे थंडी ती कसली? मुंबईचा नीचांकच ७.४ अंश, तोही जानेवारी १९६२ मधला. त्यामुळे ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातली उष्णता पाइपांनी दादर-परळला आणा, अशी मागणी मी करणार नाही. आंघोळीच्या बादल्यांसाठी एवढे रस्ते खणायचे, आणि मग ते बुजवणार कोण?

पण बादल्यांचा हिशेब लहान नाही. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण ०.४ युनिट लागतं. चौघांच्या घरात महिन्याला पन्नासेक युनिटं झाली. शिवाय सकाळी सहा ते आठ सगळ्यांना एकदमच आंघोळ करायची असते. तीनशे घरांच्या टॉवरमध्ये दोन किलोवॉटचे निम्मे गिझर एकाच वेळी लागले, तरी तीनशे किलोवॉटचा भार.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. असे टॉवर आता शहरभर उठतील. चाळीस मजल्यांना पुरतील एवढे सोलर हीटर एका गच्चीवर मावत नाहीत. मात्र संपूर्ण संकुलासाठी एकच हीट पंप आणि मोठी टाकी ठेवता येते. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. आपल्या उबदार हवेत एका युनिटात गिझरच्या तीन युनिटांचं काम होतं. शिवाय टाकी दुपारी, सौर वीज मुबलक असताना तापवता येते.

अशा सामाईक योजना बंद का पडतात, हे सोसायटीचा सचिव म्हणून मी जवळून पाहिलंय. बिल्डर ओसीपुरते, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यापुरते, सोलर पॅनल बसवतो; पाइपात गार झालेलं पाणी टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन टाकत नाही. मग सकाळी नळ उघडला की आधी बादलीभर गार पाणी सोडून द्यायचं, तेव्हा कुठे कोमट पाणी येतं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही गरम पाणी वापरतच नाही, मग मेंटेनन्स का भरायचा? वर्षभरात घरोघरी गिझर लागतात आणि गच्चीवर गंजका सांगाडा उरतो.

हे खातं गृहनिर्माणाचं, असं अधिकारी सांगतील. पण ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा बचतीचे नियम ठरवणाऱ्या इमारत संहितेच्या कक्षेत आल्या आहेत, आणि स्थानिक हवामानानुसार त्या संहितेत बदल करण्याचा अधिकार राज्याला आहे. तो वापरा. मोठ्या पुनर्विकासात सामाईक गरम पाणी, रिटर्न लाइन आणि प्रत्येक घराला गरम पाण्याचा वेगळा मीटर सक्तीचा करा. आणि तपासणी ओसीच्या दिवशी नको. लोक राहायला आल्यावर, पहिल्या डिसेंबरात, सकाळी सातला करा.

आपला,
उपनगरातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव